सीएफएल फुटला? झाडू बाजूला ठेवा
एलईडी आले, तरी गावाकडे पडवीत, गोठ्यात एखादा जुना सीएफएल असतोच. त्याच्या नळीत थोडासा पारा असतो, साधारण ५ मिलिग्रॅमपर्यंत. नळी फुटली की त्याची वाफ पसरते, आणि तिला वासही नसतो. म्हणून आधी पोरांना बाहेर काढा, पंखा बंद करा, दारं-खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटं थांबा. झाडू मुळीच फिरवू नका. आपल्याकडे नेमकी हीच चूक होते आणि नळीतली पांढरी पूड घरभर उडते. हातमोजे घालून काचा जाड पुठ्ठ्याने गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, जागा ओल्या कागदाने पुसा. सगळं झाकणाच्या बरणीत भरून घराबाहेर ठेवा. २०१६ च्या ई-कचरा नियमांपासून सीएफएल ई-कचऱ्यात मोडतो. तो चुलीत किंवा उकिरड्यावर न टाकता ई-कचरा संकलन केंद्रातच द्या.