१८० दिवसांची बरणी

शंभर ग्रॅम पिशवीचा चुरा, सहाशे ग्रॅम मुरलेलं कंपोस्ट, दोन्ही कोरड्या वजनाने. त्यात बेताचं पाणी. हे सगळं एका बरणीत भरायचं, बरणी ५८ अंश सेल्सियसला ठेवायची आणि वाट पाहायची. जास्तीत जास्त १८० दिवस. एखादं प्लास्टिक खरोखर कंपोस्ट होतं की नाही, याचा निकाल या बरणीत लागतो. तिचं कागदोपत्री नाव ‘आयएसओ १४८५५’.

बरणी मोजते तो श्वास. जिवाणू प्लास्टिकमधला कार्बन खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. आत जाणाऱ्या हवेतून हा वायू आधीच काढून टाकलेला असतो, म्हणजे बाहेर पडेल तो आतल्या जेवणावळीचाच. पण कंपोस्ट स्वतःही श्वास घेतं. म्हणून नऊ बरण्या लागतात: तीन नुसत्या कंपोस्टच्या, तीन नमुन्याच्या आणि तीन शुद्ध सेल्युलोजच्या. सेल्युलोज ४५ दिवसांत ७० टक्क्यांच्या पुढे गेलं नाही, तर दोष कंपोस्टचा मानतात आणि परीक्षाच रद्द होते. आधी परीक्षकाची परीक्षा घेणारी परीक्षा मी दुसरी पाहिलेली नाही.

आता हिशेब. पीएलए हे साखर किंवा स्टार्च आंबवून केलेलं प्लास्टिक. त्याचं निम्मं वजन कार्बनचं. शंभर ग्रॅम पीएलए पूर्ण खाल्लं गेलं तर सुमारे १८३ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघायला हवा. उत्तीर्ण व्हायला त्याचा ९० टक्के भाग, म्हणजे १६५ ग्रॅम पुरतो. उरलेल्या दहा टक्क्यांची सूट कशाला? खाणारा सगळंच श्वासावाटे सोडत नाही, थोडं अंगी लावतो.

याशिवाय चाळणी आहे. बारा आठवडे कंपोस्टमध्ये राहिलेली पिशवी दोन मिलिमीटरच्या चाळणीवर दहा टक्क्यांहून जास्त उरता कामा नये. त्या कंपोस्टमध्ये बी पेरतात आणि रोपं साध्या कंपोस्टमधल्या रोपांच्या निदान ९० टक्के तरी यावी लागतात. जड धातूंची तपासणी वेगळीच.

महाराष्ट्रात या बरणीला महत्त्व आलं ते २३ मार्च २०१८ च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेनंतर. त्याआधी २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कंपोस्टेबल पिशव्यांना जाडीच्या अटीतून सूट दिली होती, पण विक्रीपूर्वी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र घेण्याची अट घालून. पुढे साध्या पिशवीची किमान जाडी ७५ आणि मग १२० मायक्रॉन झाली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तू बंद झाल्या, आणि पातळ पिशवी काढणाऱ्या छोट्या कारखानदारापुढे एकच दार उरलं. त्या दारापाशी ही बरणी. २०२४ च्या दुरुस्तीने दार आणखी अरुंद केलं. ‘जैवविघटनशील’ म्हणवणाऱ्या मालावर आता किती दिवसांत आणि कुठे विघटन होणार, हेही छापावं लागतं. नुसतं ‘निसर्गस्नेही’ म्हणून हिरवं पान काढलं की भागायचं, ते दिवस संपले.

त्या हिरव्या पानाचीच गंमत सांगतो. सर्रास वापरला जाणारा हिरवा रंग, थॅलोसायनिन ग्रीन, हे तांब्याचं संयुग आहे. त्याच्या वजनात साडेपाच टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. किलोभर प्लास्टिकमध्ये हा रंग एक ग्रॅम घातला, की तांबं ५५ मिलिग्रॅमच्या घरात जातं. युरोपच्या ‘ईएन १३४३२’ मानकाची मर्यादा ५० आहे. म्हणजे प्लास्टिकचा दाणा उत्तम, फिल्म उत्तम, आणि पर्यावरणाच्या नावाने घातलेल्या रंगाने माल नापास!

म्हणून या धंद्यात नव्याने आलेल्याला जाणता सल्लागार आधी यंत्र दाखवा म्हणत नाही, वही दाखवा म्हणतो. दाणा कोणाचा, रंगाचा मास्टरबॅच कुठला, शाई कोणती, खडूची पूड किती. एक टक्क्याहून कमी असलेल्या घटकाची वेगळी विघटन-चाचणी करावी लागत नाही, पण असे सगळे घटक मिळून पाच टक्क्यांच्या वर गेलेले चालत नाहीत. साध्या पिशव्यांच्या धंद्यात पुरवठादार बदलला तर फरक दरात पडतो. इथे पुरवठादार बदलला, की तपासलेली पिशवी एक आणि विकलेली दुसरी.

प्रयोगशाळेत जाण्याआधी घरच्या घरी चाचपणी करायची सोयही आहे. ‘आयएसओ २०२००’ या पद्धतीत खोटा कचरा बनवतात, त्याची कृती एखाद्या पाकपुस्तकात शोभावी अशी: लाकडाचा भुसा ४० टक्के, सशाचं खाद्य ३०, मुरलेलं कंपोस्ट १०, मक्याचं स्टार्च १०, साखर ५, मक्याचं तेल ४, युरिया १. पाणी घालून खोक्यात भरायचं, फिल्मचे तुकडे पुरायचे आणि ५८ अंशांच्या भट्टीत ठेवायचं. प्रमाणपत्र यावर मिळत नाही. पण विरघळायचं नाव न घेणारी फिल्म इथेच उघडी पडते. चाचपणीला सगळ्यात जाड फिल्म घ्यावी. जाड उतरली तर तिच्याहून पातळ आपोआप उतरते, उलटं होत नाही.

बरणीविषयी माझी तक्रार एकच आहे, आणि ती बरणीची चूक नव्हे. ती बोलते ५८ अंशांवर. पीएलएच्या साखळ्या सैल होतात तेही ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान, त्याखाली त्या ताठच राहतात आणि पाणी आत शिरायला फार वेळ लागतो. तेवढी ऊब मोठ्या, नीट चाळवलेल्या ढिगाच्या पोटात असते. परसातल्या खड्ड्यात किंवा नाल्याच्या काठावर ती कुठून येणार? त्यामुळे ‘कुठेही फेका, माती होईल’ असं सांगणारा विक्रेता बरणी जे बोललीच नाही ते तिच्या तोंडी घालत असतो. कारखानदाराने तेवढं टाळलं, तरी नियमाशी त्याचं निम्मं भांडण मिटेल.

गिऱ्हाइकालाही एक काम आहे. कंपोस्टेबल पिशवीवर उत्पादकाचं नाव आणि प्रमाणपत्राचा क्रमांक छापणं सक्तीचं आहे. पुढच्या वेळी भाजीवाल्याने अशी पिशवी हातात दिली, तर भाजी भरण्याआधी तो क्रमांक शोधा.