शाळेच्या हॉलमध्ये येशूचं गाणं

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत रोज सामूहिक उपासना झाली पाहिजे, असा कायदा आहे. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ती सक्तीची केली. जी शाळा कुठल्याच धर्मसंस्थेची नाही, तिथेही या उपासनेचं स्वरूप प्रामुख्याने ख्रिस्ती असावं, अशी भर १९८८ च्या कायद्याने घातली. मँचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत मी मदतनीस शिक्षिका म्हणून लागले, तेव्हा हे ऐकून चक्रावले होते. इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २०२१ च्या जनगणनेत पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, ४६.२ टक्क्यांवर आले. अशा ठिकाणी हा कायदा!

मोठ्या मुलांच्या शाळांत तो बराचसा कागदावरच आहे. प्राथमिक शाळांत मात्र असेंब्ली होते आणि तिथे रोज नवीन काय आणायचं, हा शिक्षकांपुढचा खरा प्रश्न असतो. त्यातल्या कित्येकांची स्वतःचीच श्रद्धा नसते. अशा वेळी जवळच्या चर्चची मंडळी ‘आम्ही येतो, पैसे नकोत’ म्हणाली, की मुख्याध्यापकांना हायसं वाटतं. ख्रिस्ती गाणी, नाटुकली आणि खेळ इथल्या शाळांत शिरतात ते या दारातून.

आमच्याकडे येते ती ‘ओपन द बुक’ची टोळी. बायबल सोसायटीच्या या उपक्रमात स्थानिक चर्चमधले स्वयंसेवक प्राथमिक शाळांत जाऊन बायबलच्या गोष्टी करून दाखवतात. आमचे बहुतेक सगळे आजी-आजोबा. घरचा ड्रेसिंग गाउन अंगात, भांडी पुसायचं फडकं डोक्याला बांधलेलं, की झाला इस्राएलचा मेंढपाळ! सिंहांच्या गुहेत टाकलेल्या दानिएलची गोष्ट असली की पहिलीतल्या पोरांना सिंह व्हायला पुढे बोलावतात. डरकाळ्यांनी हॉल दणाणतो. मग देवदूत झालेल्या आजी एकेका सिंहाच्या तोंडाशी हात नेतात आणि तो एकदम गप्प. वर्गात दोन मिनिटं स्वस्थ न बसणारं पोर तिथे पुतळ्यासारखं बसलेलं मी पाहिलंय. दहा-पंधरा मिनिटांचा खेळ, शेवटी हातवाऱ्यांचं एखादं गाणं. दुपारी डबा खाताना निम्मा वर्ग तेच गुणगुणत असतो.

ही युक्ती जुनी आहे. जोसाया स्पायर्स नावाच्या लंडनच्या गृहस्थाने १८६८ मध्ये वेल्समधल्या लँडिड्नोच्या किनाऱ्यावर ‘देव प्रीती आहे’ अशी अक्षरं वाळूत आखली आणि सुट्टीला आलेल्या मुलांना ती शंख-शिंपल्यांनी, समुद्रशेवाळाने सजवायला लावली. ज्या काळात मुलांना चर्चमध्ये फक्त गप्प बसायला सांगत, त्या काळात हे नवल होतं. स्पायर्सने सुरू केलेल्या कामातूनच पुढे ‘स्क्रिप्चर युनियन’ ही संस्था उभी राहिली. आधी मुलाच्या हाताला काम द्या, मग कानाशी बोला, हे सूत्र तेव्हापासून चालत आलंय.

मोठ्या मुलांसाठी आमच्या मँचेस्टरने या सूत्राला ढोल-ताशाचा साज चढवला. १९८८ मध्ये अँडी आणि सायमन हॉथॉर्न या भावांनी इथल्या अपोलो थिएटरात तरुणांसाठी ‘मेसेज ८८’ हा मोठा कार्यक्रम घेतला. त्यातून ‘मेसेज ट्रस्ट’ ही संस्था आली आणि नव्वदच्या दशकात ‘द वर्ल्ड वाइड मेसेज ट्राइब’ हा बँड. रॅप आणि डान्स म्युझिकवर नाचत येशूबद्दल गाणारी पोरं! त्यांची पद्धत ठरलेली होती. बँडने आठवडाभर एका शाळेत मुक्काम ठोकायचा, असेंब्ली घ्यायची, वर्गावर्गात जाऊन मुलांशी बोलायचं, गाऊन-नाचून दाखवायचं आणि आठवड्याच्या शेवटी संध्याकाळी मोठा कार्यक्रम करायचा. येशूला आपलंसं करा, असं उघड आवाहन व्हायचं ते त्या कार्यक्रमात. आजही अनेक बँड याच चालीने शाळा फिरतात.

माझा थोरला नववीत असताना त्याच्या शाळेत असाच एक बँड आला होता. चिरंजीव घरी आले ते भलतेच खूश. ‘काय सांगितलं त्यांनी?’ विचारलं तर म्हणाला, ‘कुणाला त्रास देऊ नका, स्वतःला कमी लेखू नका. आणि ड्रमर कसला भारी होता, आई!’

तिसरा प्रकार शांत. ‘प्रेयर स्पेसेस’ नावाच्या उपक्रमात शाळेतली एक खोली काही दिवस सजवतात आणि कोपऱ्याकोपऱ्यात काही ना काही करायला ठेवतात. एका टेबलावर पाण्याचं भांडं आणि फसफसणाऱ्या गोळ्या असतात. ज्याच्यावर राग आहे त्याला आठवायचं, गोळी पाण्यात सोडायची आणि ती विरघळेपर्यंत बघत राहायचं. आमच्या वर्गातल्या एका मुलीने लागोपाठ तीन गोळ्या सोडल्या. मी काही विचारलं नाही.

हे सगळं मला आवडतं. म्हणूनच त्यातली गोम सांगितली पाहिजे.

प्रार्थनेला पळवाट असते. आमच्याकडे येणारी मंडळी नेहमी ‘ख्रिस्ती लोक असं मानतात’ म्हणून सांगतात. प्रार्थनेआधी, ज्यांना ती आपली वाटेल त्यांनी शेवटी ‘आमेन’ म्हणा, बाकीच्यांनी नुसतं शांत बसा, असं बजावतात. शाळेतली उपासना सर्वांना सामावणारी आणि आग्रहाऐवजी आमंत्रण देणारी असावी, हे चर्च ऑफ इंग्लंडचंही धोरण आहे. पण गाण्याला ‘आमेन’सारखी वेगळी जागा नसते. दोनशे मुलं टाळ्या वाजवत ‘मी येशूच्या मागे जाणार’ अशा अर्थाचं गात असताना सात वर्षांचं पोर त्यातून बाहेर कसं राहणार? त्याचं तोंड, हात, पाय सगळं आधीच गाण्यात गेलेलं असतं.

आई-वडिलांना मुलाला उपासनेतून काढून घेण्याचा हक्क कायद्याने आहे. अशी मुलं लायब्ररीत बसतात, बहुधा माझ्यासोबत. आम्ही चित्रं रंगवतो. भिंतीपलीकडून गाणं येतच असतं आणि पाच मिनिटांत टेबलाखाली पाय ताल धरतात.

मी मूळची नगरची, त्यामुळे सुरांतून येणारा येशू मला नवा नाही. एकोणिसाव्या शतकात नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमधल्या कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तनं केली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी येशूला अभंगात आणि भजनात बसवलं. पण कीर्तनाला बसणारा आपल्या पायांनी येतो आणि पटलं नाही तर चपला घालून चालू लागतो. शाळेतल्या पोराच्या चपला बाईंच्या ताब्यात असतात.

आपल्या राज्यघटनेने हे ओळखलंय. अठ्ठाविसाव्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित शाळेत अज्ञान मुलाला त्यात भाग घ्यायला लावायचं तर त्याच्या पालकांची संमती लागते. म्हणजे भारतात आधी ‘हो’ मिळवायचं, इंग्लंडमध्ये पालकाने स्वतःहून ‘नाही’ म्हणायचं. मला आपली रीत बरी वाटते. इथली सक्ती काढून टाका, अशी मागणी ‘ह्युमनिस्ट्स यूके’सारख्या संस्था करतात, तीही रास्त वाटते. मात्र सक्ती गेली म्हणून आमच्या आजी-आजोबांना शाळेचं दार बंद व्हावं, असं मला मुळीच वाटत नाही. शेक्सपिअरपासून रस्त्यांच्या नावांपर्यंत बायबल मुरलेल्या देशात आपल्या मुलांना दानिएल ठाऊक असलेला बरा. गोष्टीचं गाणं, आभाराचं, मैत्रीचं गाणं हॉलमध्ये सगळ्यांनी म्हणावं. श्रद्धेची कबुली देणारं गाणं चर्चमध्ये, जो आपणहून येईल त्याच्यासाठी ठेवावं. चांगली मंडळी ही निवड न सांगता करतात.

इथल्या मराठी आया मला विचारतात, ‘ताई, पोरांना बाटवणार नाहीत ना?’ मी म्हणते, असेंब्लीला खुशाल बसू द्या, आणि गाणं घरी आलं की अर्थ विचारा. संध्याकाळच्या कार्यक्रमाची चिठ्ठी दप्तरातून निघाली, तर तो कोणाचा आणि कशासाठी हे त्यावर स्पष्ट लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर माणसं सरळ आहेत, पाठवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. लिहिलं नसेल तर मुलाला रागावू नका, दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना गाठा.