मागच्या खोलीतली मांजरं

रविवार. सकाळचे साडेआठ. नांदेड शहर संपून लातूर रस्ता मोकळा होतो तिथे, पंक्चरच्या टपरीमागे, पत्र्याचं एक फाटक. पाटी आहे, पण रंग उडालाय. रिक्षावाल्यांना ती लागतही नाही. एक रिक्षा थांबते. बाई उतरतात. हातात पाण्याच्या बाटल्यांचं रिकामं खोकं, सुतळीने बांधलेलं, सुरीने भोकं पाडलेलं. एका भोकातून पंजा बाहेर येतो. हवा चाचपतो. आत जातो.

आवारात दोन रांगा. डावीकडे मांजर न्यायला आलेले, उजवीकडे मांजर सोडायला आलेले. डावी रांग लिंबाच्या सावलीत मावते. उजवी सावली सोडून पार पाण्याच्या टाकीपर्यंत गेली आहे. मे महिना आहे. दुपारी पारा त्रेचाळीसला टेकणार हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून गर्दी सकाळीच. पिशव्या, खोकी, भाजीचं जाळीदार क्रेट, एक शाळेचं दप्तर. सगळ्यांतून तोच बारीक, चिरका आवाज.

टेबलामागे बी.एस्सी.ला असलेली मुलगी बसली आहे. वही, पेन, ओढणीने पुसलेला घाम. इथे पगार कुणालाच नाही. ज्याला सुट्टी तो येतो.

"काका, पिल्लांची आई कुठंय?"

"घरीच हाय की. तिला कशाला आणू? उंदरं धरती ती."

"मग तिचं ऑपरेशन करून घ्या. नाहीतर श्रावणात परत याल खोकं घेऊन."

काका हसतात. मुलगी हसत नाही. तिचा हिशेब पक्का आहे. मांजरी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते. गाभण राहिली की साधारण नऊ आठवड्यांत विते. पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. कुत्र्यांच्या नसबंदीचे नियम २००१ पासून आहेत. "मांजरांचं कोण विचारतंय," मुलगी वहीत मान घालून म्हणते आणि पुढच्या माणसाला हात करते.

मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं आमच्याकडे अजून म्हणतात. त्यामुळे मारत कुणी नाही. सोडतात. बाजारात सोडतात, देवळामागे सोडतात, इथे फाटकाशी पहाटे ठेवून जातात. त्याला सोनं लागत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा १९६०चा कायदा आहे, त्यात जनावर उपाशीतापाशी वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. खोकं घेऊन आलेल्या बाईंनी रिक्षाला याहून जास्त दिले असणार.

डावीकडची रांग बोलकी आहे. "पांढरं हाय का?" "पर्शियन आलंय का?" "मादी नको, बोकाच द्या." एक पोरगं भगव्या पिल्लाला छातीशी धरून बसलंय, आई बुरख्याआडून म्हणते, "येच लेते बेटा, ये शांत है." पिल्लू शांत नाही, घाबरलेलं आहे. पण घर बरं वाटतं. फॉर्म भरला जातो. आठ आठवडे झाल्यावर पहिली लस, तीन-चार आठवड्यांनी दुसरी, मग रेबीजची. तारखा हाताने लिहून दिल्या जातात. दहा वाजायच्या आत पुढची जाळी निम्मी रिकामी होते.

जाळीत एक पांढरं पिल्लू आहे, दोन्ही डोळे निळे. एक तरुण जोडपं हरखतं. मोबाइल बाहेर येतो. स्वयंसेवक पोरगा काही न बोलता पिल्लाच्या मागे जातो आणि खाडकन टाळी वाजवतो. जाळीतली सगळी पिल्लं दचकतात. पांढरं पंजा चाटत राहतं. पांढऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मांजरांत बहिरी बरीच निघतात. व्यंग लपवून द्यायचं नाही, हा इथला नियम. जोडपं एकमेकांकडे बघतं.

"आम्ही पुढच्या रविवारी येतो."

पोरगा पिल्लाला उचलून मागे नेतो. मी त्याच्या मागोमाग जातो.

मधल्या बोळात स्वयंपाक चाललाय. मोठं ॲल्युमिनियमचं पातेलं, त्यात कोंबडीच्या माना आणि भात. ढवळणाऱ्या मावशी नाकाला पदर लावून सांगतात, "कांदा नाय, लसूण नाय, मीठ नाय. दवाखान्यातलं जेवण बरं हेच्यापेक्षा." कांदा-लसूण मांजरांना विषासारखा, हे त्या इथेच शिकल्या. शेजारी दुधाच्या पिशव्यांचा ढीग आहे. भेट द्यायला येणारा माणूस हटकून दूध आणतो. मोठ्या मांजरांना ते बहुतेकदा पचत नाही, जुलाब होतात. त्यामुळे सगळ्या दुधाचा चहा होतो. चहा मात्र फक्कड असतो.

बोळ संपतो तिथे जाळीची दोन दारं, एकामागे एक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. चपला बाहेर, पाय ब्लीचिंगच्या पाण्यात. फिनेलचा वास कुठेच नाही. मांजराला फिनेल बाधतं. शिवाय मांजरांत पॅनल्यूक नावाचा जो रोग येतो, पिल्लंच्या पिल्लं दोन दिवसांत आडवी करतो, त्याचा विषाणू फरशीवर महिनोन्महिने जिवंत राहतो. तो साध्या साबणाला दाद देत नाही. ब्लीचिंगला देतो.

आत अंधुक उजेड. खिडक्यांना ओलं गोणपाट. कोपऱ्यात कूलर घरघरतोय. फरशीवर, फळीवर, जुन्या कपाटाच्या रिकाम्या खणांत मांजरं पसरली आहेत. पुढच्या जाळीत असतो तसा गोंगाट नाही. कुणी उठून दाराशी येत नाही. ही न जाणारी मांजरं.

प्रत्येकाच्या खणाला एक पुठ्ठ्याचं कार्ड. वर मांजराचं नाव, पेनाने. खाली पालकाचं नाव, पेन्सिलने.

पहिल्या खणात आडत्या. काळाकुट्ट बोका, जबडा वाकडा. लातूरच्या आडत बाजारात तुरीच्या पोत्यांवर वाढला. उंदरांसाठी मांजर तिथे प्रत्येक गाळ्यावर असतंच. कधीतरी हमालाच्या हातगाड्याखाली आला. जबडा उदगीरला बसवून आणला; हाडाचं काम निघालं की तिकडेच न्यावं लागतं, पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. आता बरा आहे. खातो, भांडतो, फळीवरून उडी मारतो. पण काळा. येणारे बघतात आणि पुढे सरकतात. आडवं जाणारं मांजर पैसे देऊन घरात कोण आणेल?

त्याच्या खाली डुल्या. हा उभा राहिला की डोकं हलतं, चालला की चारही पाय चार दिशांना जातात. मांजरी गाभण असताना तिला पॅनल्यूक झाला तर पिल्लाचा लहान मेंदू पुरता वाढत नाही, त्यातून हे होतं. दुखत काही नाही, वाढतही नाही. डुल्या ताटलीपर्यंत जायला निघतो, भिंतीला थडकतो, सावरतो, पोचतो. तोंड ताटलीत घालताना दोनदा हुकतं. तिसऱ्यांदा जमतं. बघणाऱ्याच्या जिवाचं पाणी होतं, त्याला पत्ता नसतो.

खिडकीपाशी राणी. मागचे दोन्ही पाय निकामी, कमरेला मोटरसायकलचा मार. आता दहा वाजलेत, म्हणजे तिची वेळ. एक मुलगा मांडी घालून बसतो, तिला मांडीवर आडवी घेतो. डाव्या हाताने छातीला आधार, उजव्या हाताची बोटं पोटावर. लघवीची पिशवी हाताला लागते. हलकेच, एकसारखा दाब. खाली वाटी. तिला स्वतःहून होत नाही. दिवसातून तीन वेळा हे कुणाला तरी करावंच लागतं. चुकलं तर पिशवी तुंबते, किडन्या जातात. राणी तोंड वाकडं करून बघत राहते. काम झालं की चावते. रोज चावते. मुलगा बोट चोखतो आणि वाटी उचलून जातो. परीक्षेच्या दिवसांत या तीन वेळांची ड्युटी लावणं हे इथलं सगळ्यांत अवघड काम आहे, असं तो जाता जाता सांगतो.

लाइट जाते.

कूलर एक लांब श्वास सोडून थांबतो. खोलीतला आवाज एकदम बदलतो. आता बाहेरच्या रस्त्यावरचे ट्रक ऐकू येतात. पाच मिनिटांत पाठीवरून घामाची धार. मांजराला पंज्यांखेरीज फारसा घाम येत नाही. ती अंग चाटतात, फरशीला पोट टेकवून पडतात. मावशी पाण्याची बादली घेऊन येतात आणि गोणपाटावर तांब्याने पाणी मारतात. मातीचे परळ भरतात. पाणी टँकरचं आहे. हा टापू पाण्याची किंमत जाणतो. २०१६ साली लातूरला पाणी मिरजेहून रेल्वेने आणावं लागलं होतं. इथेसुद्धा बादलीतलं उरलेलं पाणी लिंबाला जातं, सांडपाण्यात नाही.

दारात एक आजोबा येतात. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. अहमदपूरहून आलेत. पंचाहत्तरी ओलांडली आहे, त्यामुळे २०२२ पासून एसटी फुकट. वाचलेलं भाडं मांजराला, असं ते सगळ्यांना एकदा तरी ऐकवतात. पिशवीतून नोटा काढतात, मोजतात, पावती घेतात. मग आडत्यासमोर स्टूल ओढून बसतात. आडत्याच्या कार्डावर पेन्सिलने त्यांचंच नाव आहे. आडत्या एकदा बघतो, उठतो, त्यांच्याकडे पाठ करून बसतो.

"ओळखत नाही का अजून?" मी विचारतो.

"ओळखतंय की. म्हणूनच पाठ केलीय. अनोळखी माणूस दिसला तर कपाटामागं पळतंय हे."

घरी न्यायचं नाही का? सून नको म्हणते. काळं मांजर, घरात लहान लेकरू. आजोबांना ते पटत नाही, पण घर सुनेचंही आहे. मग हा मार्ग. पालकत्व घ्यायचं म्हणजे एवढंच: मांजर इथेच राहणार, त्याचं खाणं-औषध तुमच्याकडे.

किती येतं ते? हिशेब ठेवणारे गृहस्थ बँकेत आहेत. रविवारी इथे. कॅल्क्युलेटर न काढता सांगतात. चार किलोच्या मांजराला कोरडं कॅटफूड दिवसाला साधारण साठ ग्रॅम. महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. किलोला तीनशेच्या आसपास धरलं तर साडेपाचशे झाले. जंताचं औषध, लस, लाकडाचा भुसा, ब्लीचिंग मिळवलं की आठशेच्या घरात. राणीचं वेगळं, तिला औषधं जास्त. म्हणून तिचे पालक दोन.

"बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात प्राणी दत्तक देतात," ते म्हणतात. "वाघ वर्षाला तीन लाख दहा हजार. वाघाटी, ती आपल्या मांजराहून बारकी असते, तिचे पन्नास हजार. हे दर मी पेपरात वाचलेत. आमची वाघाची मावशी वर्षाला दहा हजारांतसुद्धा येते. तरी गिऱ्हाईक नाही."

गिऱ्हाईक मिळतं, टिकत नाही, ही खरी तक्रार. वाढदिवसाला येतात, पाच हजार देतात, केक कापतात, डुल्याबरोबर फोटो काढतात. पाच हजार चांगलेच. पण पुढच्या महिन्यात डुल्या पुन्हा जेवतो. महिना आठशे लावून घेणाऱ्यांतले बरेच तीन-चार महिन्यांत थकतात. फोन केला की म्हणतात, करतो, करतो. म्हणून कार्डावर पेन्सिल. खणाखणांवर खोडरबराचे मळकट डाग आहेत, एका कार्डाचा पुठ्ठा घासून घासून पातळ झालाय. ते कार्ड आज्जीचं. बारा वर्षांची आहे, किडन्या अधू, एक दिवसाआड कातडीखाली सलाईन. म्हाताऱ्या मांजराचं पालकत्व लोक घेत नाहीत. किती दिवस राहील, विचारतात. विचारतानाच कळतं, घेणार नाहीत.

शेवटच्या खणात बायो. करड्या पट्ट्यांची, तीन पायांची. लातूरच्या ट्यूशन एरियातली. नीटची तयारी करणाऱ्या पोरींनी रूमवर पाळली होती. कॉटखाली लपवायची, घरमालक आला की बाथरूममध्ये. मे महिन्याच्या सुरुवातीला पेपर होतो, आठवड्याभरात खोल्या रिकाम्या होतात. गाद्या, बादल्या, टेबलफॅन भंगारात निघतात. मांजर जिन्यात राहतं. दर वर्षी मेच्या मध्यावर लातूरहून अशी खोकी येतात, आजच्याही रांगेत दोन आहेत. बायोचा पाय तेव्हाच गेला, रिकाम्या खोलीच्या दारात अडकून.

तिच्या कार्डावर तीन नावं. मी वाकून वाचतो. त्याच पोरी. आता एक पुण्यात, एक मुंबईत, एक घरी, दुसऱ्यांदा तयारी करतेय. तिघी मिळून आठशे.

मला राग यावा की बरं वाटावं ते कळत नाही. बँकवाले गृहस्थ माझा चेहरा बघतात. "ते मी ठरवत नाही," म्हणतात. "पाच तारखेला पैसे येतात. सगळ्यांत नियमित त्याच आहेत."

लाइट येते. कूलर धडपडत सुरू होतो. पांढरं बहिरं पिल्लू एका रिकाम्या खणात बसवलंय. पोरगा नवीन कार्ड आणतो, दोरीने बांधतो. वर पेनाने लिहितो: चंदन. खालची ओळ कोरी.

बाहेर उजवी रांग संपलेली नाही. ऊन आता पायाला पोळतंय. टेबलावरच्या मुलीने वहीचं पान उलटलंय.

तुम्ही कधी अशा ठिकाणी जाल तेव्हा दूध नेऊ नका. जुनं गोणपाट न्या, वर्तमानपत्रांची रद्दी न्या, लाकडाच्या वखारीतला भुसा पोतंभर न्या. पालकत्व घ्यायचंच असेल तर एका महिन्याचं घेऊ नका, किमान वर्षाचं घ्या, आणि आठशे झेपत नसतील तर तिघं-चौघं मिळून घ्या. नीट सांभाळलेलं मांजर बारा ते पंधरा वर्षं जगतं.