लामूच्या शिडांची शर्यत

नाखुदा, बंदर, जहाज, मौसम. आम्ही वर्गात उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे शब्द कुठून कुठे गेले हे शोधायची खोडच लागली आहे. केनियाच्या लामू बेटावरचे लोक स्वाहिली बोलतात आणि त्यांच्या तोंडी हेच शब्द येतात: नाहोधा, बंदारी, जहाजी, म्सिमू. डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून कास्काझी वारा वाहतो. त्यावर अरबस्तान आणि हिंदुस्थानाची गलबते तिकडे जात, आणि एप्रिलनंतर कुसी वारा सुटला की परतीला लागत. शब्दही त्याच वाटेने फिरले.

रबीउल-अव्वलमध्ये लामूला मौलिदीची मोठी जत्रा भरते. रियाधा मशिदीत दूरदूरचे लोक जमतात. गावाच्या बोळांतून मोटार जात नाही, ओझी गाढवेच वाहतात. म्हणून किनाऱ्यावर गाढवांची शर्यत आणि पाण्यात शिडाच्या होड्यांची!

यॉटची शर्यत म्हटली की आपल्यासमोर श्रीमंतांच्या चकचकीत बोटी येतात. कॅरिबियन बेटांवरच्या मोठ्या शर्यतींत तशा भरपूर दिसतात. लामूत मात्र मासे, वाळू आणि प्रवासी वाहणाऱ्या होड्यांच्या जातीची मशुवा उतरते. तिचे तिकोनी शीड एका लांब तिरक्या काठीला बांधलेले असते. दिशा बदलताना ती अख्खी काठी डोलकाठीच्या एका अंगाकडून दुसरीकडे न्यावी लागते. होडी कलू नये म्हणून काही खलाशी वाऱ्याच्या बाजूला बाहेर काढलेल्या फळीवर जाऊन बसतात. कुणी आत आलेले पाणी उपसत असतो. काठी फिरवताना क्षणभर उशीर झाला की मागची होडी पुढे निघालीच! खरी कसोटी इथेच, नुसत्या वेगात नाही, असे आम्हाला वाटते.

बेटावरच्या मातोंडोनी गावात या होड्या बांधतात. कागदावर नकाशा नसतो, मिस्त्रीची नजर हेच माप. फळ्यांच्या फटीत तेलात भिजवलेला कापूस ठोकतात. कोकणातल्या वाचकांना यात नवे काही वाटणार नाही.

पाहुण्यांसाठी नाहोधासकट होडी भाड्याने मिळते. भरतीच्या वेळी तिवरांमधल्या खाडीतून ताक्वाच्या पडक्या वस्तीपर्यंत जाता येते. तिथे जुनी मशीद आहे. दुपारी भाजलेला मासा आणि नारळाच्या दुधातला भात. विमानतळ समोरच्या मांडा बेटावर असल्याने गावात पहिले पाऊल टाकायलाही होडीच लागते. २०१४ मध्ये लामू जिल्ह्यात हल्ले झाले, संचारबंदी लागली आणि पाहुणे येईनासे झाले. रात्रीची मासेमारीही थांबली.

लामूचे जुने गाव २००१ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. त्याच परिसरात मोठ्या जहाजांसाठी खोल बंदर बांधले गेले आणि २०२१ मध्ये त्याचा पहिला धक्का सुरू झाला. त्यासाठी समुद्राचा तळ खणला, आणि मासे मिळण्याच्या जुन्या जागा गेल्या. लहान होडीला त्याहून लांब, खोल पाण्यात जाणे झेपत नाही. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने हजारो मच्छीमारांना भरपाई देण्याचा निकाल दिला. जत्रेत सुकाणू धरणारे नाहोधा याच मच्छीमारांच्या घरांतले.