गुणायला सोपी, फोडायला अवघड

राहात्याचा पिनकोड ४२३१०७. ही मूळ संख्या आहे का? २, ३, ५, ७ अशा एकेका मूळ संख्येने भागत गेले, तर अठ्ठ्याण्णव वेळा बाकी उरते आणि नव्व्याण्णवाव्या मूळ संख्येने, म्हणजे ५२३ने, ती निःशेष भागली जाते. ५२३ गुणिले ८०९ बरोबर ४२३१०७. हे दोन अवयव आधीच हाती असते, तर एका गुणाकारात काम झाले असते. अंक वाढतात तशी ही तफावत अफाट होते आणि मोठ्या मूळ संख्यांचे खरे मोल, माझ्या मते, या तफावतीतच आहे.

संख्या मूळ आहे की नाही हे ठरवायला तिचे अवयव सापडावेच लागतात, असे मात्र नाही. गणितज्ञ फर्माने सतराव्या शतकात सांगितलेला नियम पाहा: २ सोडून कोणतीही मूळ संख्या घ्या, तिच्याहून एकने कमी इतका २चा घात करा आणि त्याला त्या संख्येने भागा, बाकी १च उरते. ७साठी २चा सहावा घात ६४, बाकी १. ९साठी आठवा घात २५६, बाकी ४. म्हणजे ९ मूळ नाही, आणि हे कळायला ३ शोधावा लागला नाही. ही कसोटी क्वचित फसते. ३४१ म्हणजे ११ गुणिले ३१, तरी ती संख्या तिच्यातून निसटते. कधीही न फसणारी आणि तरीही वेगवान अशी सर्वसाधारण कसोटी २००२ साली आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली. अवयव पाडण्याची तितकी वेगवान रीत आजच्या संगणकांसाठी कोणालाही सापडलेली नाही. २५० अंकी संख्या मूळ आहे का, हे संगणक चटकन सांगतो. पण २०२० साली तेवढ्याच अंकांची एक संख्या फोडायला एका संगणक-गाभ्याची सुमारे २७०० वर्षे भरतील इतकी गणना लागली. बँकांच्या संकेतस्थळांवर माहितीला कुलूप घालायला वापरली जाणारी आरएसए पद्धत याच अडचणीवर उभी आहे: गुणाकार उघड, त्याचे दोन मोठे मूळ अवयव गुप्त.

ते अवयव शोधायला चोराने सगळ्या मूळ संख्यांची यादीच केली तर? ३०० अंकांच्या आसपास दर सातशे संख्यांमागे सरासरी एक मूळ संख्या असते. ती यादी लिहायला विश्वातले अणूही पुरणार नाहीत. पुरेसा मोठा क्वांटम संगणक तयार झाला, तर पीटर शोर यांच्या १९९४च्या पद्धतीने हे कुलूप उघडेल, हा आक्षेप मात्र खरा आहे आणि म्हणूनच नव्या पद्धती आणल्या जात आहेत. २०२४मध्ये सापडलेली ४,१०,२४,३२० अंकी मूळ संख्या कोणत्याही बँकेच्या कामाची नाही, हेही खरे. पण फर्माच्या नियमाचा तरी त्याच्या काळात काय उपयोग होता? देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर नुसत्या १ या अंकाने बनलेल्या संख्यांत रमले, तेही उपयोग विचारून नव्हे. गणिताच्या शिक्षकांनी आपापल्या गावाचा पिनकोड मुलांपुढे ठेवावा आणि तो फोडायला सांगावा.