द्वारपालाची चिठ्ठी



आमच्या गोव्यातील खेड्यांत अनोळखी मुलगा दिसला की वडीलधारी माणसे त्याला प्रथम त्याचे नाव विचारत नाहीत. ती कोंकणीतून विचारतात, "तूं कोणालो रे?" म्हणजे तू कोणाचा? नाव कोणीही कोणतेही सांगेल. पण त्या नावाची ग्वाही देणारा विश्वासाचा मनुष्य कोण, हे त्यांना जाणून घ्यायचे असते. याच प्रश्नाचे एक आधुनिक रूप आपल्या संगणकाच्या खोलीत पाहावयास मिळते.

नववीतील एका विद्यार्थिनीने मला विचारले, "बाई, एकदा नाव आणि पासवर्ड दिला की ग्रंथालयाचे पान उघडते आणि गुणपत्रकाचेही. दुसऱ्या वेळी कोणी काही विचारत नाही. मग आलेला मनुष्य कोण, हे गुणपत्रकाला कळते कसे?" मी कलाशाखेची पदवीधर, या शास्त्राशी माझा परिचय बेताचाच. तरीही जाणकारांजवळ बसून जे समजून घेतले, ते येथे सांगते.

आपल्या स्नेहसंमेलनातील नाटकाची रात्र आठवा. दारावर एक शिक्षक उभे असतात. ते येणाऱ्याला ओळखतात आणि त्याच्या नावाची चिठ्ठी आत धाडतात. आत आसने देणारा स्वयंसेवक पुन्हा चौकशी करीत नाही. चिठ्ठीवरील नाव वाचून जागा दाखवितो. येथे कामाची वाटणी झाली आहे. ओळख पटविणे हे दाराचे काम, आणि कोणास कोठे बसण्याचा अधिकार आहे हे ठरविणे आतल्याचे.

संगणकाच्या व्यवस्थेत दारावर वेब-सर्व्हर असतो. अपाची हे त्यांतले एक प्रसिद्ध नाव. आत गुणपत्रकाचे सॉफ्टवेअर असते. सर्व्हर ओळख पटवितो आणि 'रिमोट-यूजर' या नावाच्या कप्प्यात त्या व्यक्तीचे नाव घालून ते आत देतो. या कप्प्याचा उल्लेख २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'सीजीआय' नियमपत्रात आहे. प्रत्यक्ष प्रघात त्याहून जुना.

हे जुळवावयाचे कसे? अपाचीच्या सूचनापत्रात मुख्यतः चार गोष्टी लिहाव्या लागतात : ओळख पटविण्याची पद्धत कोणती, दालनाचे नाव काय, माणसांची यादी कोठे आहे, आणि ओळख पटल्याखेरीज कोणासही आत सोडू नये. आतले सॉफ्टवेअर 'जँगो' या साधनाने रचलेले आहे असे समजू. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कचेरीत ते जन्मले आणि २००५ साली सर्वांना खुले झाले. त्यात दोन जागी बदल करावा लागतो. येणारी प्रत्येक विनंती ज्या टप्प्यांतून जाते त्यांची एक यादी असते. तीत नेहमीच्या ओळखीच्या टप्प्यानंतर 'रिमोट-यूजर'चा टप्पा घालावयाचा. हा क्रम चुकला तर व्यवस्था चालत नाही. दुसऱ्या यादीत, पासवर्ड स्वतः तपासणाऱ्या भागाऐवजी सर्व्हरच्या शब्दावर विसंबणारा भाग नेमावयाचा. एवढ्याने काम होते.

याचा लाभ उघड आहे. पासवर्ड एकाच ठिकाणी राहतो. शाळा सोडून गेलेल्याचे नाव दारावरील यादीतून काढले की त्याला सर्वच दालने एकदम बंद होतात.

परंतु मित्रहो, जेथे दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावयाचा, तेथे सावधपणा अधिक हवा. त्या रात्री एखाद्या खोडकर मुलाने स्वतःच 'मुख्याध्यापक' अशी चिठ्ठी लिहून आणली तर? सर्व्हर आणि सॉफ्टवेअर एकाच यंत्रावर निकट जोडलेले असतात, तेव्हा यावर सुरेख तोड आहे. पाहुण्याने आणलेल्या प्रत्येक चिठ्ठीच्या नावामागे 'एचटीटीपी' हा शिक्का बसतो. सर्व्हरने स्वतः लिहिलेल्या 'रिमोट-यूजर'वर तो नसतो. म्हणून दोहोंची गल्लत होत नाही.

मात्र दारावरचा सर्व्हर निराळ्या यंत्रावर असला, तर त्यालाही शिक्क्याचीच चिठ्ठी पाठवावी लागते. मग खरी कोणती आणि खोटी कोणती, हे आतल्याला कळावयास मार्गच उरत नाही. अशा वेळी द्वारपालाने पाहुण्याच्या हातातील त्या नावाची प्रत्येक चिठ्ठी प्रथम काढून घ्यावी आणि मगच स्वतःची द्यावी. चिठ्ठीच्या नावात आडवी रेघ असो वा खालची रेघ, आत पोहोचता दोन्ही एकच ठरतात. तेव्हा दोन्ही काढावयास विसरू नये. आणि रंगमंचामागचे दार बंद असावे; म्हणजे आतल्या सॉफ्टवेअरने द्वारपालाखेरीज कोणाचेही ऐकू नये. हे दार उघडे राहिले, तर पासवर्ड न चोरताही कोणी शिक्षकाच्या नावाने गुणपत्रकात शिरू शकेल. वर्षभराच्या तुमच्या श्रमांचे मोल ज्या आकड्यांत मांडलेले असते, त्यांची राखण अशी एका दारावर अवलंबून आहे.

आणखी दोन गोष्टी. पूर्वी न पाहिलेले नाव आले की जँगो आपण होऊन त्या नावाचे नवे खाते उघडतो. ते नको असल्यास तशी सूचना आधीच द्यावी लागते. दुसरी तुमच्या रोजच्या उपयोगाची. दारावर 'बेसिक' ही साधी पद्धत असेल, तर ब्राउझर तुमचे नाव आणि पासवर्ड लक्षात ठेवून प्रत्येक विनंतीबरोबर पाठवीत राहतो. तो मजकूर केवळ वेष पालटलेला असतो, कुलुपात ठेवलेला नसतो. म्हणून ही पद्धत 'एचटीटीपीएस'च्या सुरक्षित मार्गावरच वापरावी. शिवाय 'बाहेर पडा' हे बटण दाबले, तरी ब्राउझर उघडा असेपर्यंत पुढच्या मुलाला तुमच्याच नावाने आत जाता येईल. सामाईक संगणकावरून उठताना ब्राउझर पूर्णपणे बंद करावा.

याहून बळकट द्वारपालही आहेत. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठात १९८३ साली सुरू झालेल्या 'अथीना' प्रकल्पातून 'केर्बेरॉस' ही पद्धत निघाली. तीत पासवर्ड जाळ्यावरून पाठवावाच लागत नाही. ठरावीक मुदतीच्या गुप्त तिकिटांवर काम चालते. ग्रीक पुराणातील पाताळद्वारीच्या त्रिमुखी श्वानाचे हे नाव. आपल्या ऋग्वेदातही यमाच्या वाटेचे रक्षण करणारे चार डोळ्यांचे दोन श्वान आहेतच.

त्या विद्यार्थिनीला मी शेवटी एवढेच सांगितले : गुणपत्रक तुला ओळखत नाही, ते दारावरच्या राखणदाराला ओळखते. आमच्या गावची वृद्ध माणसे जे विचारीत आली, तेच ही व्यवस्था उभारणाऱ्यानेही विचारावे. आलेले नाव वाचून थांबू नये; ते कोणाच्या शब्दावर आले, हे आधी पाहावे.