पिकअप गाडीच्या इंजिनाचा पट्टा कसा बदलावा

पनवेल तालुक्यातील नेरे व आसपासच्या गावांतून भाजीपाला पहाटेच पनवेल अथवा वाशीच्या बाजारात पोचवावा लागतो. वाटेत इंजिनाचा पट्टा तुटल्यास बॅटरी भरणे थांबते. पुष्कळ गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच पट्ट्यावर फिरत असल्याने इंजिन तापते व माल वाटेतच अडकतो. म्हणून भेगा पडलेला वा कडा उसवलेला पट्टा वेळीच बदलावा.

पट्टा निघत नाही म्हणून तो पहारीने उचकटू नये. तसे केल्याने कप्पीची कड वाकते आणि नवा पट्टाही लवकर फाटतो. आधी ताण सोडविणे, हाच खरा उपाय होय.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. इंजिन थंड झाल्यावर किल्ली काढावी व बॅटरीची ऋण तार सोडवावी. पट्ट्याचा मार्ग कागदावर रेखाटून ठेवावा. स्प्रिंगची ताणकप्पी असल्यास ती लांब दांड्याच्या पान्याने फिरवून ताण सैल करावा. ती नसल्यास अल्टरनेटरचे बोल्ट ढिले करून तो इंजिनाकडे सरकवावा.

पट्टा निघाल्यावर ताणकप्पी व अल्टरनेटरची कप्पी हाताने फिरवून पाहावी. खरखर जाणवल्यास बेअरिंग तपासून घ्यावे, अन्यथा नवा पट्टाही टिकणार नाही. नवा पट्टा जुन्याच क्रमांकाचा असावा. तो प्रत्येक खाचेत नीट बसला आहे हे पाहून, तार जोडून व हत्यारे उचलूनच इंजिन सुरू करावे. फिरत्या पट्ट्याजवळ हात वा सैल कपडे नेऊ नयेत.